उद्या लाल आहे ना, ताई?

माझा मेहुणा रस्त्यावर पांढऱ्या रेघा मारतो. बायकोचा धाकटा भाऊ असल्यामुळे त्याच्याविषयी चार शब्द बरे बोलणं मला भाग आहे, तेव्हा ते आधीच बोलून टाकतो. माणूस कष्टाळू आहे, प्रेमळ आहे, निर्व्यसनी आहे आणि त्याची रेघ सरळ असते. आता उरलेलं मोकळेपणानं सांगता येईल.

घरात सगळे त्याला सरळ्या म्हणतात. शाळेत असताना तो पट्टी न घेता समासाची रेघ मारायचा आणि ती पट्टीनं मारल्यासारखी यायची. वहीत बाकी काही नसायचं. त्या एका गुणावर त्यानं पुढं पोट भरलं, संसार केला, आणि जगातल्या इतर सगळ्या रेघांना नावं ठेवण्याचा परवाना मिळवला. त्याच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा. मान खाली, नजर डांबरावर, आणि मध्येच थांबून, ‘ही कुणी मारली? मारताना उचकी लागली होती वाटतं!’ माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा तो भेटायला आला आणि दवाखान्याच्या पार्किंगमधल्या पट्ट्यांबद्दल तासभर बोलला. माझ्या तब्येतीची चौकशी त्यानं जाताना दारातून केली.

त्याचं काम साधं दिसतं. रस्ता बंद करायचा, दोरी ताणायची, खडूची खूण करायची आणि रंगाचा गाडा त्या खुणेवरून ढकलत न्यायचा. मागून काचेचे बारीक मणी भुरभुरायचे, म्हणजे रात्री गाडीच्या दिव्यात रेघ चमकते. पण याला हवामान लागतं. वारा असला की रंगाचे तुषार कडेला लावलेल्या गाड्यांवर बसतात आणि त्यांचे मालक सरळ्याच्या पूर्वजांची आठवण काढतात. ढग असले की रंग ओलाच राहतो, आणि कुणीतरी घाईतले गृहस्थ त्यावरून गाडी घालून अर्धी रेघ चाकाला लावून घरी नेतात. तेव्हा निरभ्र आकाश, तापलेला रस्ता आणि पान न हलणारी दुपार हा आमच्या सरळ्याचा सुगीचा काळ. उन्हाळा आला की जग सावली शोधतं आणि हा ऊन शोधत फिरतो.

माझी बायको हवेच्या कचेरीत, म्हणजे हवेतली घाण मोजतात तिथं, कामाला आहे. दिवसभर हवा खाते आणि वर पगार घेते, असं मी म्हणतो. हा विनोद मी लग्नाच्या पहिल्या वर्षी केला आणि अजून करतो. ती तेव्हाही हसली नव्हती. मी स्वतः चष्म्याचं दुकान चालवतो, त्यामुळे लोकांना समोरचं दिसत नाही याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

ओझोन हा शब्द आमच्या घरात तिनंच आणला. वर आभाळात उंच असला की हा वायू उन्हापासून आपलं रक्षण करतो, म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याचं केवढं कौतुक असतं. तोच जमिनीलगत तयार झाला की छाती आतून भाजून काढतो. गाड्यांचा धूर, रंगात घालतात त्या थिनरची वाफ असलं सगळं कडक उन्हात शिजलं की तो बनतो आणि दुपारभर वाढत जातो. त्याला रंग नाही, काजळी नाही, वर आभाळ निळंशार. धूर दिसला तर माणूस नाकाला रुमाल तरी लावतो. निळ्या आभाळाला कोण रुमाल लावणार? त्यातून भर चौकात तो कमी असतो आणि गावाबाहेर, झाडाझुडपांकडे, जिथं लोक शुद्ध हवा घ्यायला जातात, तिथं जास्त साठतो. ‘थिनरचीसुद्धा वाफ?’ मी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी लगेच सरळ्याला गाठून सांगितलं की तुझ्या छातीत जे जातं त्यात तुझाही थोडा हातभार आहे. तो म्हणाला, ‘भाऊजी, आणि समोरून बस जाते ती काय अत्तर सोडते?’

हवेत हा वायू किती चालेल, याची मर्यादा ठरवायला मोठी समिती बसली. थंडगार खोलीत, खिडक्या घट्ट लावून बसली, कारण बाहेर उन्हाळा होता. डॉक्टरांनी एक आकडा सुचवला. मग कुणीतरी हिशेब केला की हा आकडा धरला तर निम्मा उन्हाळा धोक्याचा ठरेल आणि लोक उगाच घाबरतील. लोकांनी घाबरू नये म्हणून समितीनं आकडा वाढवला. हवेला मर्यादा पाळता येईना, तेव्हा मर्यादेनंच हवेशी जुळवून घेतलं. समजूतदार संसारात असंच असतं, असं मी म्हणालो, तर बायकोनं मला रात्रीची भांडी घासायला लावली.

ही मर्यादा आठ तासांच्या सरासरीची. सरासरी काढायची तर आठ तास आधी उलटून जायला हवेत ना? त्यामुळे ‘आज दुपारी घराबाहेर पडू नये’ हा इशारा कचेरीतून संध्याकाळी निघायचा. लोक दिवसभर उन्हात राबून, घरी येऊन, हातपाय धुऊन, मोबाइलवर वाचायचे की आज दुपारी आपण बाहेर जायला नको होतं. एवढा वक्तशीर सल्ला मला आयुष्यात फक्त नातेवाइकांकडून मिळाला आहे.

बायको याविरुद्ध भांडली. वर्षभर भांडली, साहेबांशी, साहेबांच्या साहेबांशी, आणि संध्याकाळी सराव म्हणून माझ्याशी. तिचं म्हणणं एवढंच होतं की इशारा आदल्या दिवशी द्या. अंदाज येतो, यंत्रं आहेत, माणसं आहेत. ही सगळी धडपड जनतेच्या आरोग्यासाठी चालली आहे असं ती कचेरीत सांगायची. खरं तर ती सरळ्यासाठी चालली होती. त्यांची आई लवकर गेली, याला हिनंच वाढवलं. लहानपणापासून त्याची छाती नाजूक, आणि आता प्रत्येक उन्हाळ्यात दुपारी त्याचा श्वास अडायचा. तो त्याला ‘उष्णता’ म्हणायचा. उष्णता म्हटलं की काही करावं लागत नाही.

शेवटी ती जिंकली. रोज दुपारी उद्याचा रंग ठरू लागला, हिरवा, पिवळा किंवा लाल, आणि साहेबांची सही होऊन संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर जाऊ लागला. लाल दिवशी कंत्राटदारांनी भर उन्हातली अंगमेहनतीची कामं शक्यतो टाळावीत, असा नियमही झाला. त्यातलं ‘शक्यतो’ साहेबांनी स्वतःच्या हातानं घातलं. तेवढी एकच भर त्यांनी घातली, पण तिच्यात सगळा नियम मावला.

पहिले काही दिवस सरळ्यानं हा इशारा वाचला नाही. मग एकदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी काम करताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी आमच्याकडे आला तो नाचतच.

‘ताई, तू मला आधी का नाही सांगितलंस? लाल म्हणजे आभाळ कोरं, वारा पडलेला, रस्ता तव्यासारखा!’

‘लाल म्हणजे काम बंद ठेवायचं,’ ती म्हणाली.

‘अगं, आजच्यासारखा रंग आयुष्यात वाळला नव्हता! मी काय म्हणतो, ते पावसाचा अंदाज सांगणारे हवामानवाले असतात ना? ते सांगतात एक, होतं भलतंच. तुमचा लाल एकदासुद्धा चुकला नाही. वा! कुणीतरी काम करतंय खरं सरकारात.’

माझी बायको हात कपाळाला लावून बसली. वर्षभर भांडून तिनं भावाचं कामाचं वेळापत्रक तयार केलं होतं.

ही बातमी धंद्यात पसरायला वेळ लागला नाही. छपरावर डांबर चढवणारे, भिंती रंगवणारे, गालिचे धुऊन वाळत टाकणारे, सगळ्यांनी आपापले मोबाइल नंबर कचेरीत नोंदवले. लाल दिवशी दुपारी गावातला प्रत्येक घाम गाळणारा माणूस झाडून बाहेर असायचा. साहेबांनी वरती कळवलं की आरोग्य इशाऱ्याला लोकांचा अभूतपूर्व प्रतिसाद मिळतो आहे. त्यांचा सत्कार झाला. त्या दिवशीही लाल होता, म्हणून सत्कार आत ठेवला.

सरळ्याला तर संध्याकाळपर्यंत थांबायलाही जमेना. रस्ता बंद करायची परवानगी आदल्या दिवशी दुपारीच काढावी लागते, आणि इशारा येतो दिवस मावळताना. मग तो थेट ताईलाच फोन करू लागला. ‘उद्या लाल आहे ना, ताई?’ लहानपणी खाऊ आणलास ना, असं विचारायचा त्याच आवाजात. ती सांगायची आणि वर दटावायची, ‘जाऊ नकोस.’ तो हो म्हणायचा आणि कंत्राटदाराला कळवायचा. मोबाइलवरचा इशारा वाचणं तर त्यानं केव्हाच सोडलं. ताईनं सांगितल्यावर आणखी वाचायचं काय?

त्या उन्हाळ्यात तो वाळत गेला. आमच्याकडे जिना चढून आला की आधी दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहायचा, आणि जणू चौकटीची रेघ तपासतोय असं दाखवायचा. एक वाक्य दोन श्वासांत तोडून बोलायचा. मी म्हणालो, ‘काय मेहुणेबुवा, तुमचीसुद्धा रेघ तुटायला लागली की.’ तो हसला, आणि त्या हसण्याचा खोकला झाला तो थांबेना. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं की छाती आतून सुजली आहे, ही सूज अशीच रोज भाजत राहिलास तर ती कधी उतरणार नाही, आणि मग बसल्या जागी श्वास पुरणार नाही. सरळ्या घरी येऊन म्हणाला, ‘डॉक्टर चांगला आहे. उन्हाळा संपला की विश्रांती घ्यायला सांगितलंय.’

पुढच्याच आठवड्यात त्यानं फोन केला. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून बायकोला घ्यायला तिच्या कचेरीत गेलो होतो, तिच्या टेबलाशेजारी बसलो होतो. तिच्यासमोर पडद्यावर दुसऱ्या दिवसाचा चौकोन होता, टोमॅटोसारखा लाल.

‘उद्या हिरवा,’ ती फोनवर म्हणाली. ‘ढग आहेत. वारा सुटणार आहे.’

फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘काही बोलू नका,’ ती म्हणाली. मीही बोललो नाही, कारण मला ते पटलं होतं. दुसऱ्या दिवशी सरळ्याचं काम बंद राहिलं. तो दिवसभर घरी झोपून होता आणि संध्याकाळी त्यानं फोनवर तक्रार केली की ढगाचा ठिपकासुद्धा दिसला नाही. ‘अंदाज आहे, चुकतो कधी कधी,’ ती म्हणाली. त्या रात्री ती नीट जेवली. सगळ्या समित्या, इशारे आणि नियम मिळून जे करू शकले नव्हते, ते एका थापेनं झालं होतं. चार-पाच दिवसांनी तिनं तीच थाप पुन्हा मारली.

आता भिंगरीबद्दल सांगायला हवं. भिंगरी म्हणजे सरळ्याची मुलगी. इयत्ता तिसरी, तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि छाती बापाची. तिच्या दप्तरात कायम पंप असतो, श्वास अडला की तोंडात मारायचा. आत्यानं तिला रंग शिकवून ठेवले होते. लाल दिवशी खिडकीबाहेर डोकंसुद्धा काढायचं नाही, हिरव्या दिवशी काय हवं तो दंगा घाल. ती हा नियम पाळणारी गावातली एकमेव व्यक्ती होती. आणि बाप तिला किती तरी दिवस सांगत होता की तुला गावाबाहेरच्या तळ्याकाठी मोकळ्या मैदानावर सायकल शिकवीन. पण जमायचं कसं? ऊन असलं की बापाला काम, आणि काम नसलं की आभाळ भरलेलं.

त्या दुसऱ्या थापेच्या दिवशी दुपारी दोघं माझ्या दुकानासमोरून गेले. सरळ्या लहान सायकल हातानं ढकलत होता, भिंगरी पुढं पळत होती. मला पाहून ओरडली, ‘काका! आज हिरवा आहे! आत्यानं सांगितलंय! पंपसुद्धा घरी ठेवला!’ मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होतो. मी हात हलवला. आज काय सांगितलंय हे मला कुठं माहीत होतं? बायकोनं दुसऱ्यांदा थाप मारली हे मला संध्याकाळी कळलं, दवाखान्यात.

तळ्याकाठी तिला सायकल आली. आली म्हटल्यावर ती थांबेल कशी? झाडांच्या कडेनं चकरा मारत राहिली, त्या निवांत, निर्मळ, निळ्या आभाळाखाली, जिथं आख्ख्या गावाची दुपार शिजून साठली होती. बाप मागून धावत होता आणि हसत होता. मग तिनं सायकल टाकली आणि गवतात बसली. सरळ्याला वाटलं दमली. तिचे निळे पडलेले ओठ बघितल्यावर त्यानं तिला उचललं आणि ज्या छातीनं त्याला आमचा जिना चढवत नव्हता, त्या छातीनं तो तिला घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत धावला.

आम्ही पोचलो तेव्हा भिंगरीच्या तोंडावर औषधाच्या वाफेचा मुखवटा होता आणि तिची आई, बेकरीतल्या कामावरून पिठाच्या हातांनीच आलेली, तिचे पाय चोळत होती. ओठ पुन्हा माणसासारखे झाले होते. सरळ्या बाहेर बाकावर बसला होता. समोर भिंतीवर कचेरीनंच बसवलेला मोठा फलक होता, जनजागृतीसाठी. त्यावर आजचा रंग झळकत होता. लाल, आणि खाली ‘मर्यादा ओलांडली आहे’.

माझी बायको त्याच्यासमोर उभी राहिली. ‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘तू कामावर जाऊ नयेस म्हणून सांगितलं मी.’

त्यानं फलकावरून नजर काढली. मग म्हणाला, ‘मी कामावर गेलो असतो तर पोरगी घरात असती.’

एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. आतून भिंगरीनं मुखवट्यामधून घोगऱ्या आवाजात विचारलं, ‘आत्या, आज खरा कोणता होता गं?’ आणि माझी बायको, जी साहेबांच्या साहेबांना वर्षभर पुरून उरली, ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

भिंगरी बरी झाली. सरळ्यानं मात्र ताईला फोन करायचा सोडला. तो कचेरीचा सार्वजनिक नंबर लावू लागला, कुठल्याही नागरिकासारखा. आता तो नंबर वाजतो हिच्याच टेबलावर, कारण ते काम दुसरं कोण करणार?

‘मॅडम, उद्या कोणता?’ तो विचारायचा.

‘लाल,’ ती सांगायची. ‘आणि तू...’

‘बरं मॅडम. मुलीला घरात ठेवतो.’ आणि फोन बंद.

आठवडाभर हे चाललं. माणूस नवऱ्याशी न बोलता महिनोन्‌महिने काढू शकतो, हे मी पाहिलेलं आहे, पण भावाचं ‘मॅडम’ तिला सहन होईना. एका लाल दुपारी ती कचेरीतून उठली आणि चालत माझ्या दुकानात आली. ‘कुठं आहे तो?’ मला माहीत होतं, पलीकडच्याच लांब रस्त्यावर. आम्ही दोघं गेलो. ज्या वेळी कुणी बाहेर पडू नये असं तिनं स्वतः लिहिलं होतं, त्या वेळी.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सरळ्या गाडा ढकलत होता. थोडं अंतर गेला की दांडा धरून वाकायचा, खोकायचा आणि पुन्हा निघायचा. रेघ तेवढी कुठंच थांबलेली दिसत नव्हती, हे त्यानं कसं जमवलं ते मला आजही कळलेलं नाही. ती त्याच्या पुढं जाऊन खडूच्या खुणेवर उभी राहिली.

‘बाजूला व्हा मॅडम. रंग लागेल.’

ती हलली नाही. घाईघाईनं चालत आल्यामुळे तिला धाप लागली होती, आणि त्या हवेत ती धाप कमीच होईना. एक खोकला आला, त्याच्यावर दुसरा. घरात कुणाची छाती नाजूक आहे याची यादी करताना आम्ही तिला कधी धरलंच नव्हतं. सरळ्या तिच्याकडे बघत राहिला.

‘ताई, आत जा कुठंतरी,’ तो म्हणाला. ‘आज लाल आहे.’

‘माहीत आहे.’

‘मग उभी काय राहिलीस? माझी एवढी रेघ कोपऱ्यापर्यंत जाऊ दे, मग येतो.’

‘जाऊ दे. मी थांबते.’

कोपरा बराच लांब होता. त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मी त्याला पोरसवदा असल्यापासून ओळखतो, अर्ध्यावर रेघ सोडणं त्याच्या रक्तात नाही. ती पुन्हा खोकली. त्यानं गाडा बंद केला, रंगाचं झाकण लावलं आणि तिचा हात धरून तिला समोरच्या इमारतीच्या जिन्यात नेऊन बसवलं. स्वतःही शेजारी बसला. दोघं एकाच लयीत धापा टाकत होती.

कंत्राटदारानं दुसऱ्याच दिवशी नवा माणूस लावला. तोही लाल दिवस होता, रंग छान वाळला.